आजीव सभासद झाले, आता क्लिनिक उघडू का?

पत्र : मी सेलूची. नागपूरला बी.ओ.टीएच. केलं, म्हणजे आजार-अपंगत्वामुळं अडलेली रोजची कामं जमवून देणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीची पदवी. इंटर्नशिप दोन महिन्यांपूर्वी संपली. गावातल्या लेकरांच्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्याला लागून एक खोली देऊ केली आहे. सीनिअरनं सांगितलं म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेचं आजीव सभासदत्व घेतलं, प्रमाणपत्रही आलं. तेच फ्रेम करून लाव आणि बस, असं घरचे म्हणतात. नेट कॅफेवाल्यानं मात्र पॅरामेडिकल कौन्सिलचा फॉर्म काढून ठेवला आहे. माझी मैत्रीण विशेष शिक्षिका आहे, तिच्याकडं आरसीआयचा नोंदणी नंबर आहे. तिचं म्हणणं, त्या एका नंबरवर दोघींचं भागेल. मामा म्हणतात, हे सगळं सोड अन् दुबईला जा. यातलं नेमकं काय लागतं आणि काय नुसतं भिंतीवर शोभतं?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

ताई, आधी नेट कॅफेवाल्याला फोन लावा आणि तो फॉर्म थांबवा. पैसे भरले नसतील तर सुटलात.

परावैद्यक परिषद, म्हणजे ज्याला सगळे पॅरामेडिकल कौन्सिल म्हणतात, ती वेगळ्या कायद्यानं झालेली आहे आणि लॅब टेक्निशियनसारख्या मंडळींसाठी आहे. ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी या दोघींचा महाराष्ट्रात त्याआधीपासून स्वतंत्र कायदा आहे : महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद अधिनियम, २००२. त्याखाली जी परिषद आहे, आपल्या बोलण्यातली ‘ओटीपीटी कौन्सिल’, तिच्या नोंदवहीत नाव चढलं की तुम्ही राज्यात प्रॅक्टिस करायला मोकळ्या. त्याआधी नाही. पदवी हातात असली तरी नाही, आणि संघटनेचं आजीव सभासदत्व असलं तरीही नाही.

घरच्यांचा घोटाळा कुठं होतो ते कळतं. दोन्हीकडून प्रमाणपत्र येतं, दोन्हीवर नंबर असतो, दोन्हीवर गोल शिक्का असतो. पण एक नंबर कायद्यानं दिलेला आहे, दुसरा आपणच पैसे भरून ज्या संघटनेत गेलो तिनं दिलेला आहे. कौन्सिल तुमच्याविरुद्धची तक्रार ऐकू शकते, नाव काढून टाकू शकते, आणि नाव निघालं की प्रॅक्टिस बंद. संघटनेनं नाव काढलं तर फार तर नियतकालिक यायचं थांबेल.

सभासदत्व फुकट गेलं, असं मात्र समजू नका. ही संघटना, एआयओटीए, १९५२ सालची आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी या विषयाची शाळा सुरू केली आणि संघटनेच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. जागतिक महासंघ, डब्ल्यूएफओटी, १९५२ मध्येच स्थापन झाला तेव्हा भारत संस्थापक देशांत होता. आजही त्या महासंघाचं वैयक्तिक सभासदत्व हवं असेल तर वाट राष्ट्रीय संघटनेतूनच जाते. शिवाय वार्षिक परिषदेला कमी शुल्क, संघटनेचं नियतकालिक, निवडणुकीत मत हे आलंच. एकटीनं तालुक्याच्या गावात बसणाऱ्या थेरपिस्टला अडलं तर विचारायला माणसं मिळतात, हा फायदा आमच्या मते सगळ्यांत मोठा.

सभासदत्वाचे प्रकार मात्र एकदा समजून घ्या. अशा व्यावसायिक संघटनांत साधारणपणे विद्यार्थी, वार्षिक, आजीव आणि सहयोगी अशा पायऱ्या असतात. विद्यार्थी सभासदत्व पदवीबरोबर संपतं. ते आपोआप पुढं सरकत नाही, नव्यानं अर्ज करावा लागतो, आणि नेमकं हेच पुष्कळ जण विसरतात. वार्षिक घेतलं तर दर वर्षी आठवण ठेवून पैसे भरा. आजीव एकदाच महाग पडतं, पण ज्याला याच पेशात राहायचं आहे त्याला परवडतं. सहयोगी सभासदाला बहुधा मताचा हक्क नसतो. तुम्ही आजीव झालात, हिशेबानं बरोबर केलंत. फक्त त्या अर्जात नागपूरच्या होस्टेलचा पत्ता दिला असेल तर आजच बदलून घ्या.

आता खरं काम, कौन्सिलची नोंदणी.

अर्ज ऑनलाइन भरायचा, पण बसण्याआधी कागदं एका फाइलमध्ये लावून घ्या. दहावीचं प्रमाणपत्र जन्मतारखेसाठी. सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका. एखाद्या विषयात दुसऱ्या खेपेला पास झाला असाल तर दोन्ही खेपांच्या. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र, ते दीक्षान्तानंतर मिळणार असेल तर तात्पुरतं. इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. आधार, फोटो, सही. यात अर्ज अडतो तो बहुतेक वेळा इंटर्नशिपच्या कागदावर. सहा महिने वेगवेगळ्या विभागांत फिरून झालेले असतात, प्रत्येक विभागप्रमुखाची सही असते, पण शेवटचं एकत्रित प्रमाणपत्र कॉलेजच्या प्रमुखांच्या सहीचं हवं असतं, आणि त्यावर ‘पासून–पर्यंत’ तारखा स्पष्ट हव्या असतात. रजा जास्त झाली म्हणून इंटर्नशिप आठ-दहा दिवस पुढं गेली असेल तर ती वाढीव तारीखच लिहिलेली हवी. जुनी तारीख आणि हजेरीपत्रक जुळलं नाही की अर्ज परत.

दुसरी अडचण नावाची, आणि ती आपल्याकडं घरोघरची आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं, मग वडिलांचं. आधारवर तुमचं आधी, आडनाव शेवटी. पासपोर्टला आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी दोन्ही नावं एका रकान्यात. इथवर चालून जातं, क्रम बदलला तरी माणूस तोच दिसतो. पण वडिलांचं नाव एका कागदावर ‘माणिकराव’ जोडून, दुसऱ्यावर ‘माणिक’ आणि ‘राव’ तोडून, तिसऱ्यावर नुसतं ‘माणिक’ असलं, की तिथं इंग्रजी स्पेलिंगची तीन माणसं तयार होतात. उपाय एकच : दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तेच स्पेलिंग धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, कारण सगळ्यांत सोपी दुरुस्ती आधारची. लग्नानंतर नाव बदलायचं मनात असेल तर आत्ता माहेरच्याच नावानं नोंदणी करा. नंतर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली प्रसिद्धी जोडून नावबदलाचा वेगळा अर्ज करता येतो. अर्ध्या कागदांवर जुनं आणि अर्ध्यांवर नवं नाव घेऊन जाऊ नका. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईत उतरायचं आणि कौन्सिलच्या खिडकीवर ‘शपथपत्र आणा’ ऐकून त्याच संध्याकाळी परतीला लागायचं, हे टाळण्यासारखं आहे.

एक सांगायचं राहिलं : मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. पुढं परदेशासाठी साक्षांकनाचा शिक्का कागदाच्या पाठीवर मारतात, तो प्लॅस्टिकवर बसत नाही. लॅमिनेशन सोलायला गेलं की शाई निघून येते.

नोंदणी झाली की प्रमाणपत्रावरची मुदत वाचा. ही नोंदणी जन्मभराची नसते, ठरावीक काळानं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी कार्यशाळा, परिषदा यांचे क्रेडिट पॉइंट लागतात. पॉइंट मोजले जातात ते कौन्सिलनं आधी मान्यता दिलेल्या कार्यक्रमाचेच. रविवारी कुठंतरी ऑनलाइन बसून मिळालेलं रंगीत प्रमाणपत्र त्यात धरतील असं गृहीत धरू नका. नाव नोंदवण्याआधी आयोजकाला मान्यतेचा क्रमांक विचारा. नूतनीकरण चुकलं तर रोजच्या कामात लगेच काही जाणवत नाही, आणि धोका तोच आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची किंवा जिल्हा रुग्णालयातल्या, लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची कंत्राटी जाहिरात निघते, त्यात अर्जाच्या शेवटच्या तारखेला नोंदणी वैध हवी असं लिहिलेलं असतं, आणि तेव्हा कळतं की आपली मागच्या महिन्यात संपली. पुढं एम.ओ.टीएच. ही पदव्युत्तर पदवी केलीत तर तीही नोंदवहीत आपोआप चढत नाही. वाढीव अर्हतेची नोंद वेगळा अर्ज करून घ्यायची, तोवर बोर्डावर लिहायची नाही.

तुमचं शिक्षण महाराष्ट्रातलं आहे म्हणून सोपं जाईल. नांदेड, लातूर, धाराशिवकडची बरीच मुलं कर्नाटक किंवा तेलंगणात शिकून येतात. त्यांनाही इथं बसायचं तर इथल्याच कौन्सिलची नोंदणी लागते, तिकडची असली तर तिकडचा ना-हरकत दाखला लागतो, आणि पडताळणीत वेळ जातो. त्यांनी खोलीचं भाडं नोंदणी हातात आल्यावर सुरू करावं.

२०२१ सालच्या केंद्रीय कायद्याबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा तो कायदा. त्याच्या अनुसूचीतल्या दहा गटांपैकी एक गट ऑक्युपेशनल थेरपीचा आहे, आणि राज्य व केंद्र अशा दोन्ही नोंदवह्यांची त्यात तरतूद आहे. तुमच्यासाठी आज त्यातलं कामाचं एवढंच : ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ या संज्ञेत बसायला किमान ३,६०० तासांची, ३ ते ६ वर्षांत पसरलेली पदवी लागते. तुमची बसते. सहा महिन्यांचा किंवा एका वर्षाचा ‘सेन्सरी’ कोर्स करून ‘ओटी’ म्हणवणारे बसत नाहीत. नवी व्यवस्था रुळेल तशी राज्याची जुनी नोंदणी हाच तुमचा पुरावा राहील, म्हणून ती चालू ठेवा.

मैत्रिणीचा प्रश्न. तिचं म्हणणं मनापासूनचं असेल, पण चूक आहे. आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, १९९२ च्या कायद्यानं आली. तिच्या नोंदवहीत विशेष शिक्षक, ऑडिओलॉजिस्ट व स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट (कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बसवणारे) असे वर्ग आहेत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट त्यात नाहीत. म्हणून तुम्हाला आरसीआयचा नंबर मिळत नाही, लागतही नाही, आणि तिच्या नंबरवर तुमचं काम चालत नाही. उलटंही तेच : तुमच्या नंबरावर तिनं ‘ओटी सेशन’ घ्यायचं नाही.

एकत्र काम मात्र जरूर करा, आपल्या भागात अशी जोडी दुर्मिळ. फक्त काम कागदावर वेगळं दिसू द्या. समजा सेरेब्रल पाल्सीचं सहा वर्षांचं लेकरू आलं. त्याला खुर्चीत कसं बसवायचं हे तुमचं : पाय जमिनीला किंवा पाटाला पूर्ण टेकलेले, कंबर आणि गुडघे काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला, चमच्याची मूठ जाड केलेली, पेन्सिलीला रबरी पकड. तसं बसल्यावर त्यानं अक्षर कसं ओळखायचं, बेरीज कशानं शिकायची, शाळेत पेपरला काय सवलत मागायची, हे तिचं. फाइलमध्ये दोन वेगळ्या रंगांची पानं ठेवा, आपापल्या पानावर आपापली सही आणि आपापला नोंदणी क्रमांक. पावत्याही दोन. हा सोस वाटेल, पण त्याला कारण आहे. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे आणि थेरपीच्या बिलांचा दावा त्यात करता येतो. पावतीवर थेरपी एकीची आणि सही दुसरीची निघाली तर दावा मायबापांचा अडतो. ती माणसं जिंतूर-मंठ्याहून एसटीनं लेकरू कडेवर घेऊन आलेली असतात.

बोर्डावर काय लिहावं? नाव, बी.ओ.टीएच., नोंदणी क्रमांक, वेळ. बस. ‘ओटी’ एवढंच ठळक लिहू नका. दवाखान्याच्या आवारात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, लोक चपला काढून बाहेरच थांबतील. ‘व्यवसायोपचार’ हा सरकारी शब्द बरोबर आहे, पण तो वाचून कोणी तुमच्याकडं पोराच्या नोकरीचं विचारायला आलं तर रागावू नका. ‘ऑक्युपेशनल थेरपी’ लिहून खाली एक ओळ टाका : ‘लेकरांची वाढ, हाताचं काम, लकव्यानंतर रोजची कामं’. ‘फिजिओथेरपिस्ट’ लिहायचं नाही; लोक तुम्हाला ‘कसरतीच्या डॉक्टर’ म्हणणारच, त्याला इलाज नाही. ‘ऑटिझम १०० टक्के बरा’ छापाचं काहीही नको. औषधं लिहून द्यायची नाहीत. आणि अपंगत्वाच्या टक्केवारीचा दाखला द्यायचा नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. तो सरकारी वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडूनच मिळतो, त्याचा अर्ज यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवर होतो. तुम्ही तुमचा तपासणी अहवाल द्या, तो पालक सोबत नेतील.

डॉक्टरांच्या खोलीचं एका पानावर लिहून घ्या : भाडं ठरावीक रकमेचं, टक्केवारीचं नाही. पाठवलेल्या प्रत्येक लेकरामागं वाटा ठरला की लेकराची सेशन किती, हे त्याच्या गरजेवरून ठरत नाही.

बाकीचे परवाने पटकन सांगतो. खाट नाही, रुग्ण रात्री राहत नाही, तर नर्सिंग होमची नोंदणी लागत नाही. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखाली, मोजकीच माणसं कामाला असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. व्यवसाय कराची नावनोंदणी, पीटीईसी, करा. वर्षाला २,५०० रुपये. थेरपीच्या सेवेवर जीएसटी माफ आहे, पण तुम्ही स्प्लिंट (हातापायाला आधार देणारी पट्टी) किंवा खुर्ची विकलीत तर ती वस्तू झाली, तिचा हिशेब वेगळा ठेवा. म्हणून पावतीवर ‘थेरपी’ आणि ‘स्प्लिंट’ एका आकड्यात गुंडाळू नका.

एक परवाना असा आहे की जो सुरुवातीला लागत नाही आणि नंतर नकळत लागू पडतो. आज तुमची एका थेरपिस्टची ओपीडी आहे. उद्या मैत्रीण आली, दहा-बारा लेकरं दुपारभर थांबायला लागली, कोणी ट्रस्ट काढू म्हणालं, की ते ‘दिव्यांगांसाठीची संस्था’ या व्याख्येकडं सरकतं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५० प्रमाणे अशी संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. त्या टप्प्याला पोहोचण्याआधी परभणीला जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात जाऊन विचारून घ्या, देणगी घेतल्यावर नको.

राहिले मामा. बाहेर जायचंच असेल तर तिथंही लायसन्स आणि सभासदत्व ही दोन खाती वेगळीच आहेत, आणि देशागणिक नावं बदलतात. इंग्लंडमध्ये एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय ‘ऑक्युपेशनल थेरपिस्ट’ हे नावसुद्धा लावता येत नाही. रॉयल कॉलेज ही तिथली थेरपिस्टांची संघटना, तिचं सभासदत्व वेगळं आणि ऐच्छिक. ऑस्ट्रेलियात एका नोंदणीतच सर्वसाधारण, तात्पुरती, मर्यादित, प्रॅक्टिस न करणाऱ्यांची असे प्रकार आहेत. अमेरिकेत एनबीसीओटी या राष्ट्रीय मंडळाची परीक्षा, मग ज्या राज्यात काम त्या राज्याचं लायसन्स, आणि तिथं या पेशात शिरण्याची पायरीच पदव्युत्तर आहे, त्यामुळं नुसत्या बी.ओ.टीएच.वर तिकडचा हिशेब अवघड. दुबईला त्यांच्या आरोग्य प्राधिकरणाचं लायसन्स लागतं, आणि त्याआधी डेटाफ्लो या कागद पडताळणाऱ्या कंपनीकडून तुमची पदवी, नोंदणी आणि अनुभव ज्यानं दिला त्याच्याकडूनच थेट तपासला जातो. कौन्सिलचा ‘गुड स्टँडिंग’ दाखलाही लागतो, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि कारवाई झालेली नाही असा. त्याची वैधता थोड्या महिन्यांची असते, म्हणून तो फार आधी काढून ठेवायचा नाही. आमचा सल्ला : दोन वर्षं तरी इथं काम करा. पण स्वतःच्या खोलीतला अनुभव तपासणाऱ्याला पटवणं कठीण जातं, कारण पत्र देणारा आणि घेणारा एकच. म्हणून आठवड्याचे दोन दिवस तरी एखाद्या रुग्णालयात किंवा शाळेत नेमणुकीचं पत्र घेऊन काम धरा, आणि खोलीच्या पावत्या, गुमास्त्याची पोच, आयकराची विवरणपत्रं सालवार लावून ठेवा.

मोबाइल नंबरही बदलू नका. कौन्सिलच्या खात्याचा ओटीपी नागपूरच्या जुन्या सिमवर येत असेल तर ते सिम चालू ठेवून आधी खात्यात नवा नंबर टाका. आणि फ्रेम करायला टाकलं असेल तर दोन फ्रेम सांगा. मोठी रिकामीच आणा.